जिंकलेल्या मुलीचं अपील

तक्रारीचा निकाल लागला तेव्हा दूर्वा धुरीचा चहासुद्धा निवला नव्हता. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये बसून, डोळे पुशीत पुशीत तिनं फोनवर तक्रार नोंदवली. पोऱ्यानं चहा आणून आदळला. त्यावर साय धरायच्या आत फोन वाजला आणि हिरवी अक्षरं आली : 'आपल्या तक्रारीची सुनावणी पूर्ण झाली आहे. निर्णय आपल्या बाजूने लागला आहे. अभिनंदन!'

आता मला सांगा, स्वतःच्या गाईडविरुद्ध तक्रार करून बसलेल्या पोरीला अभिनंदन घेऊन काय करायचंय? पण यंत्राला ते कुठलं कळायला.

दूर्वा मूळची कुडाळकडची. केळीवरच्या करपा रोगाचं संशोधन करायला म्हणून ती तापीखोरे विद्यापीठात आली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिला वाटलं की आपण तव्यावर येऊन पडलो. माणसं तरी असावीत सोबतीला, तर तीही नाहीत. वसतिगृह भरलेलं होतं, पण एकेक मुलगी आपापल्या खोलीत, आपापल्या पडद्यासमोर. व्याख्यानं पडद्यावर, मैत्रिणी पडद्यावर, मेसचा डबासुद्धा दाराशी ठेवून जाणारी गाडी बिनमाणसाची. जिन्यात कुणी भेटलंच तर हसायचं आणि बाजूला व्हायचं.

त्या सगळ्या गावात तिच्याशी बोलणारा माणूस एकच. डॉ. नरेंद्र बोरोले, तिचे गाईड. बोलणारा म्हणजे काय, बडबड्या! दर गुरुवारी ते आपली जुनी पेट्रोलची मोटारसायकल काढायचे. त्या गाडीला सगळं विद्यापीठ हसायचं. मागं दूर्वा, तिच्या मांडीवर बर्फाची पेटी, आणि स्वारी रावेर-यावलच्या केळीच्या बागांकडे. दुपारी कुठल्यातरी शेतातल्या शेडमध्ये बामणोदची वांगी तुराट्यांवर भाजली जायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत पुढ्यात यायचं. ''घ्या धुरीबाई, मासे विसरा आता. ही आमची सुरमई,'' असं सर दर वेळी म्हणायचे. दूर्वा दर वेळी नाक मुरडायची आणि दर वेळी तिसरी भाकरी मागायची.

अशाच एका गुरुवारी दूर्वाला ते झाड सापडलं. सगळी बाग करप्यानं तांबूस पडलेली आणि मधोमध एका केळीची पानं हिरवीगार. सर पुढं निघून गेले होते. तीच मागं फिरली, तिनंच पानं पुसून नमुने घेतले. त्या पानांच्या पाठीवर एक जिवाणू राहत होता, आणि तो करप्याच्या बुरशीला पाय ठेवू देत नव्हता. विष नको, फवारा नको. हा जिवाणू वाढवून दुसऱ्या पानांवर सोडला की झालं! सर त्या दिवशी प्रयोगशाळेत अक्षरशः नाचले होते.

मग शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव डॉ. कपिला देशमाने. या देशमानेबाईंनी रावेर कधी नकाशावरसुद्धा पाहिलं नसेल; जिवाणूची जनुकं वाचायचं महागडं यंत्र मात्र त्यांच्या दिल्लीच्या संस्थेत होतं. दुसरं नाव बोरोले. तिसरं धुरी.

दूर्वानं विचारलं तर सर म्हणाले, ''बोलू आपण.'' आणि तिथून त्यांचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. गुरुवार आला, गेला. मोटारसायकल निघाली नाही. प्रयोगशाळेत ती शिरली की सरांना बाहेर काहीतरी काम निघायचं. दुसराही गुरुवार तसाच गेला. नाव गेल्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोला, पण हे बोलणं बंद होणं तिला नावापेक्षा जास्त लागलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी रागाच्या एका झटक्यात तिनं फोन काढला आणि तक्रार ठोकली. तिला वाटलं, आता तरी समोर बसतील, चार शब्द बोलतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण समोर कुणी बसतच नसे. विद्यापीठात 'समेट' नावाची यंत्रणा आली होती.

प्रवेश घेताना रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सगळेच सही करतात ना, त्याच्याच खाली एक मुखत्यारपत्र असायचं. मागं रांग खोळंबलेली असते, वाचतंय कोण? त्या सहीनं समेटला तुमचा एक मुखत्यार घडवायची परवानगी मिळे. तुमचे निबंध, तोंडी परीक्षांतला आवाज, मेसबद्दलच्या कुरबुरी, कुणाच्या निरोपाला तुम्ही लगेच उत्तर दिलंत आणि कुणाला ताटकळत ठेवलंत, कुठल्या शब्दावर अडखळलात, हे सगळं पचवून समेट तुमच्यासारखं बोलणारं, तुमच्यासारखं रुसणारं एक सोंग उभं करी. शिक्षकांचंही तसंच. तक्रार आली की दोघांचे मुखत्यार संगणकात एकमेकांपुढं सोडायचे. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते हजारो वेळा भांडत, दर वेळी नव्यानं, दर वेळी वेगळं बोलून. ज्या संभाषणाच्या शेवटी दोन्ही माणसांचं सर्वांत जास्त समाधान होईल असं गणित सांगे, ते पक्कं धरायचं. मग तक्रारदाराला समोरच्या मुखत्याराचं बोलणं ऐकवायचं आणि समोरच्याला तक्रारदाराच्या मुखत्याराचं. दोघांनी 'मान्य' दाबलं की प्रकरण मिटलं.

समेट वाईट हेतूनं आली नव्हती हो. त्याआधी याच तक्रारी वर्षानुवर्षं कुजायच्या. समितीवर त्याच विभागाची माणसं, चौकशीत तोच गाईड समोर डोळे वटारून बसलेला. पोरं भीतीनं तक्रारच करत नसत. आता भीती गेली, उशीर गेला. अपिलाचीही सोय होती : ज्याचं समाधान झालं नाही त्यानं लोकपालांकडे जावं. पण लोक समाधानीच असत. लोकपालांचं दालन नुसतंच उघडं होतं.

दूर्वानं त्या दिवशी कानाला फोन लावला आणि तिला सरांचा आवाज ऐकू आला. तोच घोगरा, खानदेशी हेलाचा. ''धुरी, माझं चुकलं गं. तुझं नाव पहिलं हवं होतं. मी भ्यालो. तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं मला, म्हणून टाळत राहिलो. जमलं तर माफ कर.''

कँटीनमध्ये सगळ्यांदेखत ती हमसून हमसून रडली. डोळ्यांना नीट दिसतही नव्हतं, तशातच तिनं 'मान्य' दाबलं.

निकाल असा होता : नियतकालिकाला कळवून तिचं नाव पहिलं करायचं. शिष्यवृत्ती वाढवून द्यायची. गाईड बदलून डॉ. खरे यांना नेमायचं, ते नाशकात असतात, पडद्यावर भेटतील. आणि तक्रारदारावर दबाव येऊ नये म्हणून, पदवी हातात पडेपर्यंत, संपर्कबंदी.

संपर्कबंदी म्हणजे काय ते तिला हळूहळू कळलं. सरांना केलेला फोन लागेना. निरोप लिहिला की पुसला जाई. विद्यापीठातली दारं ओळखपत्रावर उघडत, आणि सर आत असले तर प्रयोगशाळेचं दार तिला उघडत नसे. ती आत असली तर त्यांना उघडत नसणार. ती यायची तेव्हा काचेच्या बशा धुऊन पालथ्या घातलेल्या असायच्या, खिडकीजवळचं स्टूल सरकलेलं असायचं. माणूस आताच उठून गेलाय हे कळायचं, पण माणूस दिसायचा नाही. नवे खरे सर फार सभ्य होते. ''छान, पुढे चालू ठेवा,'' म्हणायचे आणि पडदा काळा व्हायचा.

दूर्वा जेवताना ती माफी लावून ठेवायची. आधी रडू यायचं, मग नुसतं बरं वाटायचं. नंतर नंतर तिला त्या आवाजाला उत्तर द्यावंसं वाटू लागलं. अहो, माणूस एवढं बोलला, तर त्याला निदान 'सर, बरं झालं बोललात' एवढं तरी म्हणायला नको? शिवाय भांडायचंही होतं थोडं. ''भ्यालो'' म्हणे! कुणाला भ्यालात? मला का नाही सांगितलंत? पण त्या ध्वनिमुद्रणाला काही विचारायची सोय नव्हती.

म्हणून ती विद्यार्थी कक्षात गेली. कक्षाधिकारी सरोदे मॅडम खुर्चीत बसून पडद्यावर साड्या बघत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात झटकला.

''काय व माय, जिंकलेल्या माणसाला कुणाशी काय बोलायचं असतं?''

''मॅडम, सर एवढं मनापासून बोलले. मला फक्त एकदा...''

''सर कुठं बोलले? मुखत्यार बोलला.''

''ते माहीत आहे मला,'' दूर्वा म्हणाली. आणि खरंच तिला माहीत होतं. समेट कशी चालते हे पोराटोरांनाही माहीत होतं. ''पण सरांनी ते ऐकून मान्य केलं असेल ना? म्हणजे ते त्यांचंच झालं.''

सरोदे मॅडमनी पहिल्यांदा साड्यांवरून नजर काढली. ''आपल्या मुखत्याराचं आपल्याला ऐकवत नाहीत, पोरी. ऐकवलं की लोक कुरकुर करतात, मी असं नाही म्हणालो न् तसं नाही म्हणालो. मग मिटणार कसं? सरांना तुझं ऐकवलं, त्यांनी तुझं मान्य केलं.''

दूर्वा जेवताना जे कानाशी लावून बसत होती, ते सरांनी म्हटलं तर नव्हतंच, पण ऐकलंसुद्धा नव्हतं. आपण माफी मागितली आहे हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं!

''माझं म्हणजे काय? मी काय बोलले त्यांना?''

''मला काय ठाऊक? गोडच बोलली असशील. त्यांनी लगेच मान्य दाबलं.'' आणि मॅडम पुन्हा साड्यांकडे वळल्या.

त्या संध्याकाळी तिनं आईला फोन केला. आई कुडाळला अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती.

''गाऱ्हाणा मिटला मां तुझा?'' आई म्हणाली. ''मगे रडतंस कित्याक?''

''आई, माझ्या नावानं दुसरंच कोणी बोललं गं. मला न सांगता.''

''मगे? देवळात आपला गाऱ्हाणा गावकारच घालता मां? आपण खंय तोंड उघडतंव?'' आई थोडी थांबली. सोलं पालथी करत असावी. ''पण ज्याचा गाऱ्हाणा, तो थंयच उभो रवता, बाय. आपल्या नावान काय सांगल्यान ता कानार पडाक नको? नायतर गावकार आपल्या नावार गावभर काय पण मागीत!''

आईनं ते हसण्यावारी म्हटलं आणि विषय पापडांवर नेला. पण दूर्वा फोन ठेवून तशीच बसून राहिली. आईच्या देवळात सगळे उभे असतात. गावकार देवापुढं ओरडून ओरडून सांगतो, चुकलं तर बाकीचे तिथल्या तिथं त्याला टोकतात. इथं तिच्या गाऱ्हाण्याला तीच हजर नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती परत सरोदे मॅडमपुढं उभी. ''माझ्या आवाजात जे बोललं गेलं ते मला ऐकायचं आहे. आवाज माझा आहे.''

''आजवर कुणी मागितलं नाही व माय.''

''मी मागते.''

मॅडमनी नियम उलटेपालटे करून पाहिले, वरच्या कुणाला तरी फोन लावला, कपाळाला आठ्या घातल्या. नाही म्हणायला त्यांना जागा सापडेना. समोरच्याचं बोलणं गोपनीय होतं, पण स्वतःचा आवाज स्वतःपासून गोपनीय ठेवायचा नियम करायला सगळेच विसरले होते. त्यांनी तिच्या हातात कानात घालून ऐकायची बोंडं दिली आणि आपण चहाला निघून गेल्या.

दूर्वानं स्वतःला ऐकलं. 'स' उच्चारण्याआधी किंचित अडखळणं, वाक्य संपताना आवाज खाली जाणं, सगळं तिचंच.

''सर, मी तुम्हाला माफ केलं. मनापासून. तुम्ही नसता तर मी पहिल्याच उन्हाळ्यात पळून गेले असते. या गावात तुमच्याशिवाय माझं कुणी नाही, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. पण आता मला माझी माझी जाऊ दे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आपण न भेटलेलंच बरं.''

तिचे कान तापले. ती कुणापाशी बोलली नव्हती ते मुखत्यारानं बोलून टाकलं होतं! तिनं मेसच्या डब्याबद्दल लिहिलेल्या कुरबुरींतून, गुरुवारी सकाळी लवकर दिलेल्या उत्तरांतून त्या मेल्यानं तिचा एकटेपणा हुडकून काढला आणि सरांसमोर ठेवला. ते तरी खरं होतं. पण माफ केलं हे खोटं होतं, आणि न भेटलेलं बरं हे तर धादांत खोटं. तिनं तक्रार केली होती ती भेटायला. सर का येत नाहीत, निरोप का धाडत नाहीत, हे आता तिला कळलं. दारं बंद होती ती होतीच, पण तिनंच त्यांना नको म्हटलं होतं ना!

अपील करायचं म्हटलं तर समेटनं पहिलाच प्रश्न टाकला : 'आपण विजयी पक्ष आहात. आपले अपील कोणाविरुद्ध आहे?'

''माझ्या मुखत्याराविरुद्ध.''

समेट अंमळ थबकली. मग तिनं आपल्या रिवाजाप्रमाणं मिटवायला घेतलं, आणि दूर्वाच्या कानात दूर्वाचाच आवाज आला. ''दूर्वा, माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं. मला माफ कर.''

आपलेच दात आणि आपलेच ओठ! एरवी ती हसली असती. तिनं 'अमान्य' दाबलं. पुन्हा माफी आली, आधीपेक्षा गोड. पुन्हा अमान्य. आता समेटपुढं पेच पडला. तक्रारदार तीच, समोरचीही तीच. दोन्हीकडे एकच मुखत्यार, तो भांडणार कुणाशी? गणित जमेना तेव्हा यंत्रानं प्रकरण लोकपालांकडे ढकललं.

लोकपाल म्हणजे निवृत्त जिल्हा न्यायाधीश सुलभा कुरणे. बाई पदवीदानाच्या जुन्या झग्यांच्या गठ्ठ्यांमध्ये टेबल टाकून बसायच्या. नेमणूक झाल्यापासून त्यांच्याकडे पहिल्यांदाच माणूस आलं होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

''बस बाळ. पाणी घे. सावकाश सांग,'' असं म्हणून त्यांनी सगळं ऐकलं. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, ''तुझ्या नावानं तुझ्या इच्छेविरुद्ध बोललं गेलं असेल, तर समेटचा निकाल रद्द करता येईल. पण अर्धा नाही रद्द होत. तुझं नाव पुन्हा तिसरं होईल. वाढवलेली शिष्यवृत्ती जाईल. संपर्कबंदी उठेल, खरे जातील, बोरोलेच गाईड राहतील. तक्रार पहिल्यापासून उभी राहील, माणसांसमोर, आणि निकाल त्यांच्या बाजूनंही लागू शकेल. शोध तुझा आहे ना? मग पहिलं नाव हातातलं सोडतेस?''

त्या नावावर दूर्वाची पुढची नोकरी होती. आईनं गावात सगळ्यांना सांगून झालं होतं.

''मला सरांना विचारायचंय,'' ती म्हणाली. ''त्यांना. त्यांच्या त्या सोंगाला नाही.''

सोमवारी सुनावणी ठेवली. कुरणेबाईंनी आपल्या अधिकारात त्या एका दालनापुरती संपर्कबंदी उठवली. बोरोले सर आले ते शर्टाची बाही नीट करत. वाळले होते. दूर्वाकडे पाहून ते हसले, ओळखीचं, मायेचं. हा माणूस माफी मिळालेल्या माणसासारखा हसत होता.

कुरणेबाईंनी दोन्ही ध्वनिमुद्रणं लावली. आधी दूर्वाचं. सरांनी मान डोलावली. ते त्यांना पाठ होतं. मग सरांचं लागलं.

''धुरी, माझं चुकलं गं...''

सरांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

''हे मी बोललो नाही,'' ते म्हणाले.

''ठाऊक आहे. बोलला असता का?'' कुरणेबाईंनी विचारलं.

''नाही.'' मग दूर्वाकडे वळून, ''नाही गं. मला हे पटत नाही. देशमानेबाईंना पहिलं नाव दिलं नसतं तर त्यांनी यंत्र दिलं नसतं. यंत्र नसतं तर तुझं ते झाड म्हणजे नुसतं एक हिरवं झाड. मी विचार करून दिलं. उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देईन.''

दूर्वाला वाटलं आपल्याला कुणीतरी थोबाडीत मारली. एवढे महिने ती ज्या आवाजावर जगली, तो माणूस समोर बसून सांगत होता की मला काही वाटत नाही.

''मग मला सांगायचं ना तसं!'' तिचा आवाज चिरकला. ''गुरुवारी गाडीवर बसवून सांगायचं. मी भांडले असते, रडले असते, पण कळलं तरी असतं! बोलू आपण म्हणालात आणि तोंड लपवून पळालात!''

''पळालो, हो. कारण तू रडशील हे माहीत होतं मला. मला नाही बघवत.'' सरांचाही आवाज चढला. ''आणि मग तू काय केलंस? सरळ तक्रार! चार वर्षं पोरीसारखं सांभाळलं आणि तू यंत्रापुढं उभं केलंस मला. तरी मी म्हटलं, जाऊ दे, तिनं माफ केलंय. रोज ऐकायचो ते. आपण न भेटलेलं बरं म्हणाली, बरं, नाही भेटत. माझं म्हातारपण त्या चार ओळींवर चाललं होतं, धुरी.''

''मी माफ केलं नव्हतं, सर.''

''काय?''

''मी तुम्हाला माफ केलेलं नाही. अजूनही नाही.''

सरांच्या चेहऱ्यावरचं ते मघाचं हसू कुठल्या कुठं गेलं. ते एकदम वयस्कर दिसायला लागले. दूर्वाला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग आला, पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

''मग तक्रार तरी का केलीस?'' सरांनी अगदी हळू विचारलं. ''नावासाठीच ना?''

''तुम्ही बोलत नव्हता म्हणून!'' ती ओरडली. ''मला दुसरं कोण आहे इथं बोलायला?''

सरांनी खिशातून रुमाल काढला, तो तिला द्यावा की आपण वापरावा हे त्यांना ठरवता येईना, आणि शेवटी तो तसाच हातात राहिला.

कुरणेबाईंनी घसा साफ केला. ''धुरी, सांग. समेटचा निकाल राहू द्यायचा का रद्द करायचा? राहिला तर नाव तुझं. आताच्या आता ठरव असंही नाही.''

दूर्वानं सरांकडे पाहिलं. ते तिच्या मदतीला येणार नव्हते. या प्रश्नाचं उत्तर तिला कुणी सुचवणार नव्हतं, तिच्या आवाजात तर नाहीच.

''रद्द करा,'' ती म्हणाली.

बाईंनी सही केली. बाहेर सरोदे मॅडमच्या पडद्यावर तेवढ्यात निकाल बदलला असणार, दूर्वाचं नाव खाली घसरलं असणार, खरे सरांना निरोप गेला असणार. सर उठले. त्यांनी बाही पुन्हा नीट केली.

''मी सोडणार नाही हं, धुरी,'' ते दाराशी थांबून म्हणाले. आवाजात राग होता, आणि तो खरा होता. ''देशमानेबाईंचं नाव का दिलं ते मी यांना पटवून देणार. कागदपत्रं आणीन सगळी.''

''आणा. मीही आणते.''

''पुढची तारीख काय?''

''गुरुवार,'' कुरणेबाई म्हणाल्या.

''येतो मी. तूही तयारीनं ये. मागच्या वेळी तोंडी परीक्षेला ततपप केलं होतंस, तसं नको.''

''मी काही ततपप केलं नव्हतं!''

''केलं होतंस,'' म्हणत सर निघून गेले. लांबवर, पार जिन्यापर्यंत, ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते.

दूर्वा पायऱ्या उतरून बाहेर आली. नाव गेलं होतं. वाढवलेली शिष्यवृत्ती गेली होती. ती माफीही गेली होती, आता ती पुन्हा लावून ऐकण्यात अर्थ नव्हता. आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. ऊन रणरणत होतं, आवारात चिटपाखरू नव्हतं, आणि हुंदके काही केल्या थांबत नव्हते. पण गुरुवारी तिच्याशी भांडायला एक माणूस स्वतः चालत येणार होता, आणि त्याला काय काय सुनवायचं याची उजळणी ती रडता रडताच करू लागली.